अराज्यवाद्यांची जुनी पुस्तकं आणि गडचिरोलीतली ग्रामसभा

ब्रह्मपुरीकडून वैनगंगा ओलांडली की आरमोरी येतं आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो. धानाच्या बांध्या, कोशाचं रेशीम, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि पूर्वेकडे दाट होत जाणारं जंगल ही या भागाची ओळख. इथे बसून कोणी प्रूधाँ, बाकुनिन, क्रोपोटकिन यांचं लेखन मराठीत आणायचं मनावर घेतलं, तर लोक विचारणारच की पॅरिस, जिनिव्हा, लंडनच्या छापखान्यांतून दीडशे वर्षांपूर्वी निघालेल्या या पुस्तकांचं झाडीपट्टीत काय काम?

काम आहे. या विचारांचा एक प्रवाह टॉलस्टॉय, गांधी, विनोबा अशी वळणं घेत याच जिल्ह्यातल्या एका गोंड गावापर्यंत आला. त्यामुळे इथल्या अनुवादकाजवळ असं काही आहे जे पुण्या-मुंबईच्या अनुवादकाला सहज मिळणार नाही. पुस्तकातलं एखादं विधान खरं ठरतं का, हे चालत्या-बोलत्या ग्रामसभेत जाऊन त्याला तपासता येतं.

हे लेखक कोण होते?

राज्यसंस्था ही माणसांनी निर्माण केलेली सक्तीची व्यवस्था आहे, तिच्यावाचून समाज चालू शकतो आणि अधिक न्यायाने चालू शकतो, हा अराज्यवादाचा गाभा. इंग्लंडमध्ये विल्यम गॉडविनने १७९३ मध्ये ही मांडणी सविस्तर केली, पण स्वतःला उघडपणे अराज्यवादी म्हणवून घेणारा पहिला मोठा लेखक प्येर-जोझेफ प्रूधाँ. १८०९ मध्ये बेझाँसाँ इथे गरीब घरात त्याचा जन्म झाला. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता आणि मुद्रितं तपासता तपासता तो शिकला. १८४० मध्ये त्याचं 'मालमत्ता म्हणजे काय?' हे पुस्तक आलं आणि मालमत्तेला थेट चोरी ठरवणारा माणूस म्हणून तो युरोपभर गाजला.

मिखाईल बाकुनिन (१८१४–१८७६) हा रशियन सरदार घराण्यातला. अनेक देशांचे तुरुंग भोगलेला आणि सैबेरियातल्या हद्दपारीतून निसटलेला हा माणूस पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत मार्क्सच्या समोर उभा राहिला आणि १८७२ च्या हेग अधिवेशनात तिथून काढला गेला. प्योत्र क्रोपोटकिन (१८४२–१९२१) हा तर रशियन राजपुत्रच, पण पेशाने भूगोलतज्ज्ञ. त्याचा मित्र एलिझे रेक्लू यानेही एकोणीस खंडांचा जगाचा भूगोल लिहिला. त्यातला आठवा खंड भारत आणि इंडोचीनवर आहे. अराज्यवाद्यांच्या पहिल्या पिढ्यांतले दोन अव्वल लेखक भूगोलाचे अभ्यासक होते, हे नदी-जंगलाच्या मुलखातल्या वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावं.

संहिता कोणती खरी?

अनुवादाला बसण्याआधी संशोधनाचं काम येतं, आणि या लेखनाच्या बाबतीत ते जास्तच करावं लागतं. हे लोक बरंचसं लेखन पोलिसांपासून पळता पळता, वर्तमानपत्रांसाठी तुकड्यातुकड्यांनी करत. पुस्तकं पुष्कळदा मागून, आणि दुसऱ्याच कोणीतरी बांधली.

बाकुनिनचं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक 'ईश्वर आणि राज्यसंस्था'. या नावाचं पुस्तक बाकुनिनने कधी लिहिलंच नाही. त्याच्या मृत्यूनंतर कार्लो काफिएरो आणि रेक्लू यांना कागदांत एक अपुरं हस्तलिखित सापडलं. ते त्यांनी १८८२ मध्ये जिनिव्हात छापलं. नाव त्यांनीच दिलं आणि भाषेवरही हात फिरवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बेंजामिन टकरने त्याचं इंग्रजी केलं आणि जगभर तेच पसरलं. नंतर माक्स नेटलाऊ आणि जेम्स गियोम यांनी मूळ कागद जुळवल्यावर उलगडा झाला की हा मजकूर बाकुनिनच्या १८७१ मधल्या एका मोठ्या, अर्धवट राहिलेल्या ग्रंथाचा भाग आहे. नेटलाऊने आयुष्यभर जमवलेला संग्रह आज ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत आहे. ही संस्था १९३५ मध्ये स्थापन झाली. मराठी अनुवादकाने टकरचं इंग्रजी समोर ठेवलं, तर मूळ लेखक आणि मराठी वाचक यांच्यामध्ये निदान तीन माणसं बसतील.

क्रोपोटकिनचीही गोष्ट निराळी नाही. 'तरुणांना आवाहन' हा त्याचा लेख १८८० मध्ये 'ल रेव्होल्ते' या जिनिव्हाच्या फ्रेंच पत्रात आला. १८८५ मध्ये तो लेखसंग्रहात गेला तेव्हा क्रोपोटकिन फ्रान्समध्ये तुरुंगात होता आणि संपादन रेक्लू करत होता. इंग्रजी अनुवाद केला तो हाइंडमन या समाजवाद्याने, ज्याचं क्रोपोटकिनशी सगळं काही पटत नव्हतं. 'भाकरीवर विजय' हे पुस्तकही आधी फ्रेंच पत्रांतल्या लेखांतून जमलं, १८९२ मध्ये फ्रेंचमध्ये ग्रंथरूप झालं आणि १९०६ मध्ये इंग्रजीत आलं. अमेरिकन लेखक थोरोच्या निबंधाचंही तसंच. १८४९ मध्ये तो छापला गेला तेव्हा त्याचं नाव सरकारला केलेल्या प्रतिकाराबद्दल होतं. 'सविनय कायदेभंग' असा अर्थ देणारं, आज जगाला माहीत असलेलं इंग्रजी नाव लेखकाच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये चिकटलं. प्रत्येक पुस्तकाची अशी जन्मकुंडली अनुवादाच्या प्रस्तावनेत यायला हवी. ती नसली तर संपादकाची करामत लेखकाच्या नावावर जाते.

मराठीत काय आलं, काय राहिलं

महाराष्ट्रात या विचारांची पहिली ओळख बॉम्बच्या आवाजातून झाली. इंग्रज सरकार सशस्त्र क्रांतिकारकांना सरसकट अराजकवादी म्हणे. १९१९ च्या रौलट कायद्याच्या अधिकृत नावातही अराजकी गुन्हे हा शब्द होता. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर १९०८ मध्ये 'केसरी'त लिहिताना टिळकांनी हा फरक नेमका पकडला होता. युरोपातला बॉम्ब धनिकांच्या द्वेषातून येतो आणि बंगालमधला देशप्रीतीच्या अतिरेकातून, असा त्यांचा आशय होता. त्याच लेखांवरून जुलै १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात खटला चालला. सरकारी भाषांतराने आपल्या मराठीचा अर्थ विपरीत केला, हा टिळकांच्या बचावातला मोठा मुद्दा होता. शिक्षा सहा वर्षांची झाली. अराज्यवाद हा विचार म्हणून काय सांगतो, याची चर्चा त्या धामधुमीत मागेच राहिली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, सावरकरांनी केलेला मॅझिनीच्या आत्मचरित्राचा अनुवाद प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यावर बंदी आली. मॅझिनी मराठी तरुणांचा आदर्श झाला. पण १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनवरून याच मॅझिनीशी बाकुनिनचा कडाक्याचा वाद झाला होता. राष्ट्र आणि ईश्वर यांच्या नावाने नवी सत्ताच उभी राहील, असं बाकुनिन बजावत होता. मराठी वाचकाने त्या वादातली एक बाजू मनापासून वाचली. दुसरी बाजू तिच्याइतकी घराघरात कधी पोचली नाही. अनुवादाला विषय शोधणाऱ्याने ही पोकळी आधी पाहावी.

काही माणसं मात्र या विचाराच्या अगदी जवळून गेली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत गेले, तिथे गदर चळवळीत उतरले, मेक्सिकन क्रांतिकारकांच्या संपर्कात आले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त शेतीशाळा चालवल्या. दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात त्यांना जागा मिळाली. अखेरची वर्षं नागपुरात काढून १९६७ मध्ये ते वारले. मुंबईत १९३५ पासून एम. पी. टी. आचार्य राहत होते. मूळचे मद्रासचे, बर्लिन-मॉस्को पाहून आलेले आणि बोल्शेविकांशी फारकत घेऊन उघड अराज्यवादी झालेले. रणछोडदास लोटवाला यांनी उभारलेल्या मुंबईतल्या संस्थेत त्यांनी काम केलं. आचार्यांचे १९२३ ते १९५३ या काळातले निबंध ओले बिर्क लाउर्सेन यांनी शोधून २०१९ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आणले. त्यातले मुंबईत लिहिलेले निबंध मराठीत येण्याचा हक्क तर अगदी थेट आहे.

टॉलस्टॉय ते विनोबा

गडचिरोलीपर्यंत आलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेने आला. टॉलस्टॉय बॉम्बवाल्यांपासून दूर राहिला, पण राज्यसंस्था हिंसेवर उभी असते आणि म्हणून तिला सहकार्य करू नये, हा त्याचा निष्कर्ष अराज्यवाद्यांचाच होता. 'देवाचं राज्य तुमच्या अंतरात' हे त्याचं पुस्तक गांधींनी १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वाचलं. १९०८ मध्ये तारकनाथ दास यांना टॉलस्टॉयने लिहिलेलं 'एका हिंदूला पत्र' गांधींनी नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून परतताना बोटीवर गुजरातीत आणलं. त्याच प्रवासात दहा दिवसांत 'हिंद स्वराज' लिहून झालं. त्याच्या शेवटी दिलेल्या वाचनयादीत टॉलस्टॉयची सहा पुस्तकं आणि थोरोचे दोन निबंध आहेत.

फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या भाषणात गांधींनी, आपणही अराज्यवादी आहोत पण वेगळ्या जातीचे, असं सांगितलं आणि सभेत खळबळ उडाली. काही आठवड्यांनी विनायक भावे नावाचा तरुण घर सोडून काशीत आला. त्या भाषणाची चर्चा त्याच्या कानांवर पडली, त्याने गांधींना पत्रं लिहिली आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात जाऊन भेटला. हेच विनोबा.

विनोबांनी 'स्वराज्यशास्त्र' मराठीत लिहिलं, १९५१ मध्ये पोचमपल्लीत भूदान सुरू केलं आणि १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने पूर्ण गावाचं दान केलं. शासनमुक्त समाज, राजनीतीऐवजी लोकनीती, बहुमताऐवजी सर्वसहमती ही त्यांची सूत्रं. जेफ्री ऑस्टरगार्ड आणि मेलव्हिल करेल यांनी १९७१ मध्ये या मार्गाने जाणाऱ्या सर्वोदयवाद्यांवर अभ्यासग्रंथ लिहिला तेव्हा त्यांना सौम्य अराज्यवादी असंच नाव दिलं. महाराष्ट्रात ग्रामदानाचा स्वतंत्र कायदा १९६४ मध्ये झाला. या कायद्यामुळे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसण्याचा हक्क वारसाने कुटुंबाकडेच राहतो, विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो आणि जमीन गावाबाहेर विकता येत नाही.

इथे प्रूधाँ उघडून पाहावा. त्याने चोरी म्हटलं ते स्वतः न कसता खंड आणि व्याज खाणाऱ्या मालकीला. जो कसतो, वापरतो त्याच्या ताब्याला त्याचा विरोध नव्हता. उलट तो टिकावा म्हणून तो भांडत होता. मालकी आणि ताबा यांतला हा फरक फ्रेंच कायद्याच्या परिभाषेतून समजून घेताना घाम फुटतो. ग्रामदानाचा कायदा माहीत असलेल्या शेतकऱ्याला तो एका वाक्यात कळेल.

मेंढ्याचा अभ्यासगट

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने साधारण ३० किलोमीटरवर मेंढा (लेखा) आहे. शंभरेक घरांचं गोंड गाव. १९८० च्या दशकात गोदावरी-इंद्रावतीवरच्या इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. गावाने जागं व्हायला तिथून सुरुवात झाली. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी मिळून 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा प्रत्यक्षात आणायला घेतली. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकातून ही हकिगत मराठी वाचकांना परिचित आहे.

अराज्यवादी लेखनाच्या अनुवादकाने तिथली कामाची पद्धत बघावी. अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा माणूसही बसतो, माहिती सांगतो, वाद घालतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या सहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत जातो. जाणकाराने ज्ञान द्यावं पण त्या जोरावर राज्य करू नये, हे बाकुनिनने १८७१ मध्ये शास्त्रज्ञांच्या सत्तेबद्दल केलेल्या विवेचनाचं सार आहे. तो प्रश्न मेंढ्याने बैठकांची रचना बदलून सोडवला.

अभ्यासगटाने जुने सरकारी कागद वाचले तेव्हा निस्तार हक्क समोर आले. जळण, घरासाठी लाकूड, बांबू, चराई यांवरचे गावाचे हक्क जमीनदारी गेल्यानंतर कागदोपत्री नोंदले गेले होते, पण व्यवहारात वनखात्याचा शब्द अखेरचा होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने दार उघडलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा यावर घोडं अडलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३ मध्ये गावाने ग्रामदान स्वीकारलं. सरकारी अंमलबजावणी रेंगाळली आणि त्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं. उत्तरेला कोरचीत अनेक ग्रामसभा एकत्र येऊन महाग्रामसभा झाली आणि तेंदूच्या पानांचा व्यवहार ती बघू लागली. प्रूधाँने १८६३ मध्ये संघराज्याच्या तत्त्वावर पुस्तक लिहिलं होतं. खालून वर बांधत जाणाऱ्या संघाची त्याची कल्पना कोरचीच्या माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये.

जिथे पुस्तक आणि गाव जुळत नाहीत

हे साम्य दाखवून थांबलं तर अनुवादक भाबडा ठरेल. सर्वांत मोठी गाठ कायद्याची आहे. आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा, २००६ चा वनहक्क, १९६४ चा ग्रामदान कायदा, सगळे राज्यसंस्थेनेच केले. मेंढ्याची घोषणाही दिल्ली-मुंबईचं सरकार नाकारत नाही. त्याची जागा ठरवून देते. बाकुनिनला हा सौदा पटला नसता. प्रूधाँ मात्र उत्तरायुष्यात याच दिशेने सरकत होता. या जिल्ह्याने १९८० नंतरची चार दशकं बंदुकीच्या दोन बाजूंमध्ये काढली आहेत. त्यातली एक बाजू क्रांतीनंतरच्या पक्षसत्तेचं स्वप्न दाखवणारी होती. क्रांतिकारकांची हुकूमशाहीसुद्धा नवा अधिकारीवर्गच जन्माला घालील, हा १८७३ च्या 'राज्यसत्ता आणि अराज्य' या बाकुनिनच्या रशियन पुस्तकातला इशारा इथे वाचताना वेगळाच लागतो.

दुसरी गाठ बाबासाहेबांनी मारून ठेवली आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्यांच्या गणराज्याचं गौरवगान फेटाळून लावलं होतं. खेडं म्हणजे जातीचं आणि संकुचितपणाचं घर, तिथे दलिताला कायद्याचाच आधार, हा त्यांचा अनुभव होता. मेंढा हे मुख्यतः एका समाजाचं गाव आहे. आरमोरीसारख्या अनेक जातींच्या वस्तीत सर्वसहमती म्हणजे दुबळ्याने गप्प बसणं ठरू शकतं. खुद्द अराज्यवाद्यांतही असे आंधळे कोपरे होते. स्त्रियांबद्दलची प्रूधाँची मतं इतकी मागास होती, की १८५७ मध्ये जोझेफ देजाक या त्याच्याच विचारकुळातल्या लेखकाने उघड पत्र लिहून त्याला फैलावर घेतलं. प्रूधाँ छापणाऱ्याने देजाकही छापावा.

तिसरी गाठ क्रोपोटकिनची. जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने १८८८ मध्ये जीवनकलहावर लिहिलेल्या लेखाला उत्तर म्हणून त्याने लेखमाला लिहिली आणि १९०२ मध्ये तिचं 'परस्परसाहाय्य' हे पुस्तक झालं. सैबेरियात पाहिलेले प्राणी, गावकी, मध्ययुगीन शहरं यांतून त्याने दाखवलं की सहकार्य ही टिकून राहण्याची ताकद आहे. आपल्याकडच्या सावडीची, इर्जिकीची, कोहळी समाजाने बांधलेल्या आणि गावाने राखलेल्या मामा तलावांची आठवण करून देणारं हे पुस्तक. मालगुजारी गेल्यावर ते तलाव सरकारी झाले, गाळाने भरले, हा इतिहासही त्याच्या बाजूने साक्ष देतो. पण त्याच पुस्तकात एक प्रकरण रानटी माणसांवर आणि पुढचं त्याहून जरा सुधारलेल्यांवर आहे. आदिवासींचं कौतुक करतानाही तो त्यांना उत्क्रांतीच्या खालच्या पायरीवर ठेवतो, कारण त्याची सामग्री वसाहतकाळातल्या प्रवाशांच्या नोंदींतून आलेली होती. ते शब्द मवाळ करून छापणं म्हणजे लेखकाला सोयीचं करून घेणं. ते जसेच्या तसे ठेवावेत आणि खाली टीप द्यावी. ती टीप गोंड अभ्यासकाने लिहावी हे उत्तम.

कामाला सुरुवात कुठून करावी? क्रोपोटकिनच्या 'परस्परसाहाय्य'पासून. भाषा सोपी, संहिता लेखकाने स्वतः इंग्रजीत सिद्ध केलेली, त्यामुळे मध्यस्थाची अडचण नाही. दुसरा क्रम बाकुनिनच्या मॅझिनीविरोधी लेखनाचा, कारण तिथे मराठीचा जुना हिशेब बाकी आहे. प्रूधाँ तिसरा, फ्रेंच जाणणाऱ्याची सोबत मिळाल्यावर. प्रत्येक प्रकरणाचा कच्चा खर्डा छापखान्यात जाण्याआधी एखाद्या अभ्यासगटात मोठ्याने वाचला जावा. एकोणिसाव्या शतकातल्या या लेखकांनी राज्यसंस्थेशिवाय गाव कसं चालेल याची मांडणी केली. राज्यसंस्थेच्याच कायद्याचा आधार घेऊन तिच्याकडून जंगल सोडवून घेणारं गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ती भर घालण्याची पात्रता गडचिरोलीतल्या वाचकांकडे आहे, आणि मराठी आवृत्तीला मूळ पुस्तकापेक्षा वेगळी किंमत येईल ती त्यांच्या आक्षेपांमुळेच.